तुम्ही झेंडा मागवलात, त्याबद्दल

चि. कुरळे भाऊजींना,

कोक-जारहून सायराकान वहिनीचे आशीर्वाद. हे पत्र पोचेल तेव्हा तुमचा जीव, तुमची माणसं आणि तुमची गुरं सुखरूप असोत. (तिथे माणसं म्हणजे तुम्ही एकटे आणि गुरं म्हणजे तो अवाढव्य ट्रक, हे मला ठाऊक आहे. पण विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. ट्रकची तब्येत कशी आहे?) इथे तुमच्या आई, आपा, बऱ्या आहेत, गुडघा सोडून. हे बरे आहेत, कंबर सोडून. तपकिरी घोडीला शिंगरू झालं. गोठ्याचा पत्रा वाऱ्याने उडाला होता, तो शेजाऱ्यांच्या बटाट्यात सापडला. माझं म्हणाल तर डोकं सोडून सगळं ठीक आहे, आणि डोकं का ठीक नाही तेच सांगायला बसले आहे. फोनवर सांगितलं असतं, पण मी तापायला लागले की शिकागोचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. म्हणून हे पत्र बुरुलताईच्या भाच्याबरोबर पाठवते आहे. तुमचं वाचून होईपर्यंत त्याने समोरून हलायचं नाही, अशी त्याला ताकीद आहे.

तर तुमचा तो व्हिडिओ. ट्रकच्या टपापासून चाकांपर्यंत सोडलेला लालभडक झेंडा, त्यावर सूर्य, सूर्यात आपला तुंदुक, लोकरी नमद्याच्या घराच्या माथ्यावर बसवतात ते काड्यांचं लाकडी कडं, आणि पुढे छातीवर हात ठेवून तुम्ही. "माणसाला मूळ पाहिजे," असं म्हणताना तुमचा आवाज कापला. इथवर माझी काही तक्रार नव्हती. मी तर आपांना फोन धरून दोनदा दाखवला. पण त्याच्याच पुढे तुम्ही आमच्या फाटकाचा फोटो टाकलात! आपांशी व्हिडिओवर बोलता बोलता हळूच काढलेला! फाटकावरचा जुना झेंडा, उन्हाने विटलेला, कडेला विरलेला, आणि त्यावर अजून ते जुने नागमोडी किरण. खाली काय लिहिलंत? "आम्ही परक्या देशात झेंडा डोळ्यात तेल घालून जपतो, आणि मायदेशात काही घरांवर ही अवस्था!" काही घरांवर! भाऊजी, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते घर कोणाचं आहे? धाकट्याचं, म्हणजे तुमचं. आपल्यात घर, चूल, म्हातारे आईबाप आणि नमद्याच्या घराचा तुंदुक धाकट्याकडे राहतो, हे काय मी सांगायचं? थोरल्याने वेगळं व्हायचं, आणि आम्ही झालोही होतो. ओढ्यापलीकडे आमचं चांगलं दोन खोल्यांचं घर होतं, खिडक्यांना निळा रंग दिलेला. तुम्ही "एक वर्षाचा प्रश्न आहे, वहिनी" म्हणून विमानात बसलात आणि आम्ही आपांसाठी बोचकी घेऊन तुमच्या घरात आलो. त्या निळ्या खिडक्यांच्या घरात आता कोंबड्या राहतात. आणि तो फाटकावरचा झेंडाही तुम्हीच, जायच्या आदल्या दिवशी, शिडीवर चढून लावला होतात. तो विटला म्हणता? तुम्ही जाऊन किती दिवस झाले ते त्याच्याकडे बघून कळतं, एवढंच.

गावाने तो व्हिडिओ बघितला. (गावाला बाकी काय काम आहे?) दुकानातली बाई मला मीठ देताना म्हणाली, "सायराकान, अगं झेंड्याला तरी जरा जप की." मी मीठ न घेता परत आले, आणि त्या दिवशीचं सार आपांनी अळणीच खाल्लं. त्याचा दोषही तुमच्याकडे.

वर तुमची मागणी. नवा, सरळ किरणांचा झेंडा एक, आणि नारीन प्रांताचा झेंडा एक. कारण काय, तर स्वातंत्र्यदिनाला शिकागोच्या बागेत आपली माणसं जमतात, प्रत्येक प्रांताची मंडळी आपापल्या झेंड्याखाली बसतात, आणि मागच्या वर्षी नारीनकरांना झेंडाच नव्हता म्हणून तुम्हाला तालासच्या लोकांत बसून पुलाव खावा लागला. केवढी ही नामुष्की! हसू दाबून विचारते, तालासकरांचा पुलाव कडू होता का? सगळं आयुष्य तुम्ही इथे एका बाकावर बसून काढलंत, तिथे अर्ध्या जगापलीकडे जाऊन एका बागेत सात सतरंज्या टाकता. अमेरिकनाने विचारलं तर तुम्ही किर्गीझ. किर्गीझाने विचारलं तर नारीनचे. नारीनच्या माणसाने विचारलं तर कोक-जारचे. आणि कोक-जारमध्ये कोण, ते माहीत आहे ना? आपांचा धाकटा. त्याचा झेंडा अजून कोणी शिवलेला नाही.

पण दिरानं मागितलं आणि वहिनीनं नाही म्हटलं, असं या घरात झालेलं नाही. मी गेले गावप्रमुखाकडे. ओमुर्झक तुमच्याच वर्गातला, तो आता टाय बांधतो. त्याच्याकडे नवा झेंडा एकच होता, आणि तो कचेरीवर फडकत होता. जुने मात्र कपाटभर. बिश्केकमध्ये ठरलं की आपला सूर्य सूर्यफुलासारखा दिसतो, आणि सूर्यफूल वळतं तसा देश वळू नये म्हणून किरण सरळ केले. बरं केलं. पण जुन्या झेंड्यांचं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलं नाही. फेकायचे तर पाप, जाळायचे तर गुन्हा, ठेवायचे तर उंदीर. बिचारा मला बघून उजळला. "वहिनी, सगळे घेऊन जा! घट्ट विणीचं कापड आहे, गाद्या होतील!" असं म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने उठून दार लावलं. मी म्हटलं, मला नारीन प्रांताचा झेंडा पाहिजे. त्याने टाय सैल केला. "आपल्याला वेगळा आहे?" म्हणे.

आहे, असं दुकानापुढच्या बाकावर कळलं. सादिरकुल काका ठामपणे म्हणाले, "आहे म्हणजे काय! हरीण आहे त्याच्यावर."

"हरीण तुझ्या सासुरवाडीच्या झेंड्यावर असेल," बेइशे काका म्हणाले. "आपल्यावर याक आहे."

"तू कधी बघितलास?"

"तू कधी बघितलास?"

कोणीच बघितलेला नव्हता. मी मध्ये पडून निदान रंग विचारला, तर एक म्हणाला निळा, दुसरा म्हणाला हिरवा. मग भांडणात हरीण गेलं बेइशे काकांच्या आजोबांनी चोरलेल्या मेंढीपर्यंत, आणि याक पोचला सादिरकुल काकांच्या मोडलेल्या सोयरिकीपर्यंत. दोघांनी बाकाची दोन टोकं धरली आणि एकमेकांकडे पाठ फिरवली. एका गोष्टीवर मात्र एकमत राहिलं, की नारीनच्या झेंड्याला कोणी नाव ठेवलं तर त्याचा जीव घेऊ. कशावर काय आहे ते माहीत नसताना त्याच्यासाठी मरायला तयार अशी ही आपली माणसं. तुम्ही त्यांच्यावरच गेला आहात.

शेवटी बुरुलताई. तिने पडदे, लग्नातले झगे आणि आपल्या घोडेस्वारांच्या टोळीचे सदरे शिवले आहेत, झेंडा नाही. "शिवते," म्हणाली, "पण मधला तुंदुक मला छापलेल्या चित्रावरून जमायचा नाही. काड्या कशा एकमेकींवरून जातात ते खऱ्यावर बघायला पाहिजे. तुमच्याकडे आहे ना सासऱ्यांच्या वेळचा? बाहेर काढून ठेव, संध्याकाळी येते." आता बघा, माझ्या डोक्यात फक्त झेंडा होता. मी घरी आले, खोपटात शिरले, आणि जुन्या टायरांच्या मागून तुमचा तुंदुक ओढून काढला. हो, तुमचा. लाकडाला वाळवी नाही, देवाची कृपा, पण एक काडी पिचली आहे आणि कडेवर पिवळ्या कोंबडीने अंडी घालायची जागा केली होती. (तुमच्या ट्रकवर जो तुंदुक छातीवर हात ठेवून मिरवता, तो हाच, बरं का. कोंबडीची विष्ठा तेवढी छापायची राहिली.) तो अंगणात आणला, कोमट पाण्याने धुतला, पुसला, आणि उन्हात मध्यावर ठेवला. खोपट उघडलंच आहे तर नमदेही झटकून घेऊ म्हणून तेही बाहेर काढले, भिंतींच्या घडीच्या लाकडी जाळ्याही काढल्या. आणि तुम्ही केलेल्या बदनामीची चीड अजून उतरली नव्हती, म्हणून फाटकावरचा झेंडा उतरवला आणि पांढऱ्या कपड्यांची पावडर टाकून असा खसाखसा चोळला की शिकागोपर्यंत आवाज जावा. लाल गेला. सूर्य गेला. नागमोडी किरणांचा तर प्रश्नच मिटला. हातात राहिला एक फिकट पांढरा कपडा. तो मी तुंदुक उचलायच्या उंच बेळक्याच्या काठीला बांधला, काठी अंगणात रोवली, आणि पीठ मळायला आत गेले.

काय केलं मी ते तुमच्या लक्षात आलं? नसेल आलं. तिथे सात सतरंज्यांवर बसून असल्या गोष्टी विसरायला होतं. अंगणात तुंदुक काढलेला, नमदे पसरलेले, जाळ्या टेकवून ठेवलेल्या, आणि काठीवर पांढरं निशाण. घरात कोणी गेलं की अंगणात नमद्याचं घर उभारतात आणि निशाण लावतात: तरणा गेला तर लाल, मधल्या वयाचा गेला तर काळं, म्हातारं माणूस गेलं तर पांढरं. हल्ली कोणी लावत नाही म्हणतात, पण तुमच्या आजोबांना लावलं होतं आणि ते सगळ्यांना आठवतं. प्रांताचा झेंडा ज्यांना धड सांगता येत नव्हता, त्यांना हा पांढरा झेंडा डोंगराच्या पलीकडून वाचता आला.

माझे हात पिठात, तोच बाहेर हंबरडा. सादिरकुल काका फाटकाच्या कितीतरी आधीपासून घोड्यावर आडवेतिडवे होत येत होते. "अगं माझ्या आई गं! आमच्यावरची सावली होतीस गं!" त्यांच्यामागे बेइशे काका, तसेच. दोघं घोड्यांवरून उतरले आणि याक-हरीण विसरून एकमेकांच्या गळ्यात पडले. मागून अख्खी गल्ली. बायका पसरलेल्या नमद्यांपाशी बसून विलाप करायला लागल्या, आणि ओढ्यापलीकडच्या चुलत्यांनी तर मेंढा धरूनच आणला. मी पिठाच्या हातांनी "नाही हो, नाही हो" म्हणत धावले, तर दुकानातल्या बाईने मला छातीशी धरलं, "रड, सायराकान, मोकळी हो, झेंड्याचं मी मनात ठेवलं नाही." तेवढ्यात मागच्या बाजूला दूध काढत असलेल्या आपा गडबड ऐकून आल्या. माणसं रडतायत म्हणजे कोणीतरी गेलं, आणि कोणी गेलं की रडायचं, हे आपांना शिकवायला नको. कोण गेलं ते विचारण्याचा उद्धटपणा न करता त्या सादिरकुल काकांच्या गळ्यात पडल्या आणि त्यांनीही मोठ्याने गळा काढला. काका आपांच्या खांद्यावर डोकं ठेवून आपांसाठी रडत होते, आणि आपा त्यांची पाठ थोपटत होत्या. "सोस रे बाबा, सोस. फार चांगली होती बिचारी."

जिच्यासाठी रडतोय तीच पाठ थोपटते आहे, हे आधी कोणाच्या लक्षात आलं ते मला सांगता यायचं नाही. बेइशे काका जमिनीवर बसले, बायका मात्र फिदीफिदी हसायला लागल्या. आपांना सगळं समजल्यावर वाटलं आता कोणाची धडगत नाही. पण त्या आणखी ताठ झाल्या. कोण किती रडलं याचा हिशेब त्यांनी तिथेच घेतला. ओमुर्झकला म्हणाल्या, "तू टाय सरळ करत रडत होतास. पुढच्या वेळी तसं चालणार नाही." लोक पोटं धरून हसत होते, मीही हसत होते, हेसुद्धा कंबर धरून हसत होते.

आणि मग आपांनी तुंदुक बघितला. धुतलेला, उन्हात, अंगणाच्या मध्यावर. त्या जवळ गेल्या, त्याच्या कडेवरून हात फिरवला, आणि मला हळूच विचारलं, "तो येतोय का?"

भाऊजी, माझं तोंड किती चालतं ते तुम्हाला माहीत आहे. सगळं अंगण ऐकत होतं. पण मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, नाही आपा, झेंड्यावर काढायला माप घ्यायचं होतं.

"बरं," आपा म्हणाल्या. बाहीने तुंदुकाची कड पुसली. मग म्हणाल्या, "माणसं जमली आहेत, मेंढा आला आहे, नमदे बाहेर आहेत. उभारा घर."

उभारलं. एवढे हात होते की भिंतींच्या जाळ्या बघता बघता गोल झाल्या, दाराची चौकट बसली. राहिला तुंदुक. तो बेळक्यावर उचलून माथ्यावर धरायचा, मग बाकीच्यांनी वासे बसवायचे. आपल्या घरात तो उचलायचा मान धाकट्याचा. सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांनी हात पाठीमागे बांधले. "माझा नाही तो," एवढंच म्हणाले. सादिरकुल काका पुढे झाले, तर आपांनीच त्यांना अडवलं. "ज्याचा आहे त्याचा आहे. राहू दे." मग आम्ही तसेच, बिनछपराच्या गोल भिंतीत, वर सगळं आभाळ उघडं, मांडी घालून मेंढ्याच्या मटणाचं बेशबर्माक खाल्लं. ते घर अजून तसंच उभं आहे. डोकं नाही. मध्ये तुंदुक जमिनीवर ठेवलेला आहे आणि पिवळी कोंबडी त्याच्याभोवती घुटमळते आहे. येणारे-जाणारे विचारतात, आणि मी प्रत्येकाला काय सांगायचं? की या घराचा तुंदुक सध्या शिकागोत ट्रकवर फडकतो आहे?

मला राग आला आहे, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. तुम्ही तिथे रडता ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण कापडाला तुम्ही रोज सलाम करता आणि लाकडाकडे बघत नाही, याला मूळ म्हणत असतील तर मला ते समजत नाही, मी गावातली बाई. पुन्हा आमच्या फाटकाचा फोटो टाकलात तर लक्षात ठेवा, तुमचा लहानपणचा, शेळीने चड्डी खाल्ली होती तो फोटो माझ्या पेटीत आहे, आणि टाकायला मलाही येतं.

जपून चालवा. वेळेवर खा. आपांचे, ह्यांचे आशीर्वाद. शिंगराला तुमच्यासारखीच कुरळी आयाळ आहे.

तुमची (रागावलेली),
सायराकान वहिनी

ता. क. बुरुलताईने दोन्ही झेंडे शिवले. देशाचा अगदी सुरेख झाला आहे, चाळीस किरण, एकही वाकडा नाही, आणि तुंदुकाच्या काड्या खऱ्यासारख्या (पिचलेली एक तिने मुद्दाम सरळ काढली). नारीनचा करताना दोन्ही काका दोन्ही बाजूंना बसले होते, त्यामुळे त्यावर हरणाची शिंगं असलेला याक आहे, अर्धा निळ्यात आणि अर्धा हिरव्यात. दोघांनी त्याला उभं राहून सलाम केला. खरा झेंडा वेगळा निघाला तर शिकागोकरांना सांगा की कोक-जारमध्ये हाच चालतो.

पुन्हा ता. क. बुरुलताईच्या भाच्याची पिशवी उलटीपालटी करू नका. त्यात वाळवलेल्या दह्याचं कुरुत आहे, लोकरीचे मोजे आहेत आणि हे पत्र. झेंडे त्यात नाहीत. दोन्ही झेंडे आपांच्या पेटीत आहेत. त्यांच्याखाली तो तिसरा, पांढरा, घडी घालून ठेवला आहे. मी त्याचं फडकं करणार होते, तर आपांनी हातातून घेतला आणि म्हणाल्या, "राहू दे, लागेल." तुमचे दोन तुम्ही न्यायला या. तिसरा लागायच्या आत या. तुंदुक उचलाल तेव्हा वाकडा धरलात म्हणून आपा शिव्या देतील, त्या खायला या.

आणखी एक. हल्ली दिवस मावळताना, गुरं परत येतात त्या वेळेला, आपा त्या बिनडोक्याच्या घराच्या दारात उभ्या राहतात आणि रस्त्याकडे तोंड करून तुमचं नाव घेऊन हाक मारतात, तुम्ही लहानपणी ओढ्यावर असताना मारायच्या तशी. ह्यांना ते ऐकवत नाही, हे उठून घोडीकडे जातात. मी तिथे त्यांच्या शेजारी उभी असते. पण मी या घरची सून, सासरच्या माणसाचं नाव मला तोंडाने घेता येत नाही. नाहीतर मीही हाक मारली असती. म्हणून हे लिहिलं.